घरी दुरुस्ती केल्यानंतर मारुती ८०० थरथरू लागली आहे : नेमके काय चुकले असावे?

अर्धवट_मेकॅनिक
नमस्कार. आमच्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी विकण्याचे धाडस घरात कोणालाच होत नाही आणि ती चालवणारा मी एकटाच उरलो आहे, त्यामुळे तिची देखभाल आपणच शिकून घ्यावी असे ठरवून गेल्या रविवारी सहकारनगरमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एका बैठकीत बरीच कामे उरकली. तिन्ही स्पार्क प्लग बदलले, प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या एचटी वायरचा संच, ती वीज प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर नवीन बसवले, कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ केला आणि शेवटी एक व्हिडिओ समोर ठेवून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारी रॉकरची दांडी यांमधली फट, सेट केले. त्याआधी गाडी उत्तम नसली तरी गुळगुळीत चालत होती. किंचित पिकअप कमी झाला होता, एवढीच तक्रार होती.

आता परिस्थिती अशी आहे की सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटे सारे ठीक वाटते. स्वारगेटपर्यंत पोहोचलो की प्रत्येक सिग्नलला गाडी थरथरते, आरसा हलून मागचे काही दिसत नाही आणि दोनदा ती बंदही पडली. रेस दिली की थरथर बरीच कमी होते. रिकाम्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने फारसे काही जाणवत नाही, मात्र कात्रजच्या चढावर दम लागल्यासारखी ओढते. शिवाय टॅपेट कव्हरमधून एक बारीक टिकटिक ऐकू येते, जी पूर्वी नव्हती. मी नेमके कोठे चुकलो असेन आणि कोठून तपासायला सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेठेतला
मारुती ८०० ला मुळात तीनच सिलिंडर असतात, म्हणजे चौथा जन्मापासून रजेवर आहे. आता तिसऱ्यानेही अर्ज टाकलेला दिसतो.

कात्रजकर
लक्षणांवरून मला व्हॅक्यूमची गळती वाटते. कार्ब्युरेटर काढून पुन्हा बसवताना एखादा पाइप जोडायचा राहतो किंवा खालच्या गॅस्केटमधून हवा शिरते, त्यामुळे स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, होऊन इंजिन मिसिंग करते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. रेस दिल्यावर आत येणाऱ्या एकूण हवेच्या मानाने ती चोरटी हवा नगण्य ठरते आणि इंजिन सुधारल्यासारखे वाटते. आपण वर्णन केलेले चित्र याच्याशी तंतोतंत जुळते. सर्व पाइप एकेक करून तपासावेत.

तिसरा_गिअर
एचटी वायर अदलाबदल झाल्या नाहीत ना, हे आधी पाहा. ८०० चा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे. १-२-३ असा सरळ लावण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि माझ्या हातून ती चूक झालेली आहे.

अर्धवट_मेकॅनिक
@तिसरा_गिअर, जुनी वायर काढली की तिच्या जागी लगेच नवी, अशा रीतीने मी एकेक वायर बदलली, त्यामुळे क्रम चुकलेला नाही. @कात्रजकर, आपले निदान वाचून आज सकाळी टॉर्च घेऊन बसलो तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पाइप खरोखरच निसटलेला आढळला! तो बसवल्यावर पिकअप सुधारला आहे. सिग्नलवरची थरथर मात्र जशीच्या तशी आहे.

शंकासुर
पेट्रोलकडे कोणी पाहतच नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे हाल सुरू झाले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होते, ते पाणी शोषून घेते आणि जुने रबरी पाइप फुगतात. माझ्या मते आपल्या दुरुस्तीचा यात दोष नाही.

निवृत्त_फोरमन
श्री. शंकासुर यांनी इथेनॉलचे जे गुणधर्म सांगितले ते बरोबर आहेत आणि १९९७ च्या गाडीचे रबरी पाइप या निमित्ताने बदलून घ्यावेत, हेही मी सांगेन. तथापि गाडी शनिवारी ठीक होती व रविवारी संध्याकाळी बिघडली, आणि त्या एका दिवसात पंपावरचे पेट्रोल बदललेले नाही. जे बदलले ते या गृहस्थांच्या हातांनी बदलले. तेव्हा शोध तेथेच घ्यावा.

व्हॅक्यूमचा संशय मलाही आला होता, परंतु मूळ प्रश्नातील एक वाक्य त्याच्याशी जुळत नाही. थंड असताना गाडी ठीक चालते आणि तापल्यावर बिघडते, असे लिहिले आहे. गळतीने मिश्रण पातळ झालेले इंजिन बहुधा थंडीत अधिक कुरकुरते, कारण थंड इंजिनाला दाट मिश्रण लागते. आपण सकाळी चोक (मिश्रण दाट करणारी खटकी) ओढून गाडी सुरू करत असाल तर हा फरक झाकला जातो, हेही खरे. म्हणून कोणताही नवीन भाग विकत घेण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात, ज्यांना एक रुपयाही लागत नाही.

पहिली अशी की इंजिन पूर्ण तापवून, थरथर सुरू झाल्यावर, चोक किंचित ओढावा. मिश्रण पातळ असेल तर इंजिन लगेच सुधारते, आणि काहीच फरक पडला नाही किंवा ते आणखी गुदमरले तर गळतीचा विषय बाजूला ठेवता येतो. दुसरी अशी की इंजिन स्लोवर चालू असताना, चांगली रबरी मूठ असलेल्या पक्कडीने एका वेळी एकच एचटी वायर प्लगवरून उचलावी आणि तिचे टोक लगेच इंजिनच्या धातूवर टेकवून ठेवावे. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन बसू लागते. जो सिलिंडर मुळात काम करत नाही, त्याची वायर काढल्याने इंजिनला काही कळतही नाही. हात आणि बाही पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावी, आणि हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हा प्रयोग अजिबात करू नये.

मुक्ता
फोरमनकाकांनी सांगितलेली वायर काढण्याची परीक्षा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत फार वेळ करू नये, एवढी भर घालते. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो आतून वितळू शकतो. पुण्यातील १९९७ च्या ८०० ला बहुधा तो नसेल, कारण १९९५ साली सक्ती झाली ती चार महानगरांपुरती होती.

वेळेचे_गणित
मला या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन समजत नाही. कोणताही जुना मेकॅनिक अर्ध्या तासात हे काम करून देईल. आपला रविवार, प्लग, वायर, कॅप आणि आता ही मनःशांती यांची बेरीज केली तर मजुरीच्या तिप्पट खर्च झालेला दिसेल.

मुक्ता
@वेळेचे_गणित, कार्ब्युरेटर समजणारे मेकॅनिक आता किती उरले आहेत, याचाही हिशेब मांडावा. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये माझ्या जुन्या गाडीला स्कॅनर लावायला सॉकेट सापडेना, तेव्हा तेथील मुलाने अत्यंत नम्रपणे विचारले होते की मॅडम, हिला कॉम्प्युटरच नाही का. त्याचा दोष नाही. त्याच्या जन्मानंतर अशी गाडी तयारच झाली नसावी. ज्याला जुनी गाडी ठेवायची आहे, त्याला थोडेफार स्वतः शिकण्यावाचून इलाज नाही.

वेळेचे_गणित
मुद्दा मान्य आहे. मात्र पाच कामे एकाच दिवशी करणे हे शिकणे नव्हे, असे माझे मत आहे.

निवृत्त_फोरमन
या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. प्लग बदलावे, गाडी दहा किलोमीटर फिरवून आणावी, मग वायर बदलाव्यात. आमच्या भोसरीच्या कारखान्यात नव्या मुलांना मी एकच नियम घातला होता की काढलेला जुना भाग संध्याकाळपर्यंत भंगारात टाकायचा नाही. आपल्याकडे जुने प्लग आणि वायर आहेत का?

अर्धवट_मेकॅनिक
सुदैवाने सर्व जुने भाग पिशवीत आहेत. आज दोन्ही परीक्षा केल्या. तापलेल्या इंजिनाचा चोक ओढल्यावर काहीही सुधारणा झाली नाही, उलट ते अधिक गुदमरले. टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजलेल्या पहिल्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिन बंद पडण्याच्या बेतात आले आणि दुसऱ्यालाही तसेच झाले. तिसऱ्याची वायर काढल्यावर जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणजे माझी गाडी दोन सिलिंडरवर फिरते आहे.

पेठेतला
म्हणजे रजेचा अर्ज मंजूर झालेला आहे.

तिसरा_गिअर
आता तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घालून पाहा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट, तेथेच राहिला तर प्लग निर्दोष. नवीन प्लग हातातून पडला असेल तर त्याच्या चिनी मातीला केसासारखी चीर जाते, जी डोळ्यांना दिसत नाही. वायरची खात्री करण्यासाठी जुनी वायर लावावी. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला भाग नवा आहे म्हणून तो चांगलाच आहे, असे मानण्याचे कारण नाही.

कात्रजकर
माझे निदान चुकले हे मान्य करतो, परंतु एक शक्यता राहते. इन्टेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून केवळ तिसऱ्या सिलिंडरजवळ हवा शिरत असेल तर?

निवृत्त_फोरमन
ती शक्यता चोकने बरीचशी निकालात काढली आहे. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज असेल त्यांच्यासाठी एक माहिती देतो. निरोगी इंजिन स्लोवर साधारणतः १७ ते २२ इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवते, असे पुस्तकांत दिलेले असते. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे दोनेक इंच कमी दिसले तरी घाबरू नये. आकड्यापेक्षा काट्याच्या हालचालीकडे लक्ष द्यावे. हवेची सर्वसाधारण गळती असेल तर काटा खाली पण स्थिर राहतो आणि एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर तो ठरावीक तालात झटका देऊन खाली येतो.

मुक्ता
गेज नसेल तर पीयूसी केंद्रावरची पावतीही उपयोगी पडते. बीएस-२ (भारत स्टेज-२ हे प्रदूषणाचे निकष) पूर्वीच्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. मिश्रण दाट असेल तर पहिला आकडा वाढतो. सिलिंडरमधील पेट्रोल न जळताच बाहेर पडत असेल, मग कारण ठिणगी असो वा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), तर दुसरा आकडा उसळी घेतो आणि पहिला फारसा हलत नाही. पन्नास पानी पुस्तकापेक्षा त्या एका चिठ्ठीने मला अनेकदा लवकर दिशा दाखवली आहे.

नवखा_चालक
थोडा वेगळा प्रश्न विचारतो. माझ्याकडे २०१४ ची वॅगन आर आहे, तिलाही तीनच सिलिंडर आहेत. ती थरथरली आणि चेक इंजिनचा दिवा लागला तर हेच करावे का?

मुक्ता
नाही. आपल्या इंजिनात प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज तयार करणारी स्वतंत्र कॉइल आहे, तेथे वायर उचलण्याचा प्रश्नच येत नाही. स्कॅनर लावून कोड वाचावा. पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ यांतील शेवटचा अंक मिसफायर होणारा सिलिंडर सांगतो. मग इंजिन बंद करून कॉइलची अदलाबदल करावी आणि कोड सरकतो का ते पाहावे. दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नये, कारण कन्व्हर्टर धोक्यात आहे असा त्याचा अर्थ असतो.

अर्धवट_मेकॅनिक
प्लग अदलाबदल केले, जुनी वायर लावली, जुनी कॅपसुद्धा लावून पाहिली. दोष तिसऱ्या सिलिंडरमधून हललेला नाही. आता काय?

निवृत्त_फोरमन
आता कॉम्प्रेशन. ठिणगी आणि मिश्रण दोन्ही पोहोचत असताना सिलिंडर काम करत नसेल तर तेथे दाब तयार होत नाही, हे उघड आहे. माझा कयास आपण टॅपेट सेट केल्याचे वाचले तेव्हापासूनच त्या दिशेने होता, पण मोजल्याशिवाय बोलू नये म्हणून थांबलो होतो. आपण सहकारनगरला असता आणि मी बिबवेवाडीत. कॉम्प्रेशन मोजायचे गेज माझ्याकडून घेऊन जावे.

मापन करताना इंजिन तापलेले असावे, तिन्ही प्लग काढलेले असावेत, कॉइलची जोडणी सोडलेली असावी आणि दुसऱ्या व्यक्तीने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारावा. काटा वर चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे चार-पाच फेऱ्या, मोजाव्यात. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब चांगला वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह बंद होत नाही. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी निघाले तर मात्र हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि वरचे हेड यांच्या सांध्यातल्या पट्टीचा) विचार करावा लागेल.

दोन प्रश्न मधल्या काळात सोडवून ठेवावेत. टॅपेट सेट करताना क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) किती अंशांनी फिरवत होता, आणि लॉक नट आवळल्यानंतर फट मोजण्याची, म्हणजे फीलर गेजची, पट्टी पुन्हा घालून पाहिली होती का?

अर्धवट_मेकॅनिक
आकडे देतो. पहिला ११.५, दुसरा ११ आणि तिसरा ७, सर्व किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तिसऱ्यात ऑइल घातल्यावर ७.५ झाला. म्हणजे रिंग ठीक आहेत असे मी समजतो.

प्रश्नांची उत्तरे देताना थोडे ओशाळल्यासारखे होते. व्हिडिओमध्ये सांगितल्याप्रमाणे पहिला सिलिंडर सेट केल्यावर मी दर वेळी क्रँक १८० अंशांनी फिरवला. लॉक नट आवळल्यावर पट्टी पुन्हा घातली नाही. आणि गाडी तासाभरापूर्वीच बाहेरून आणलेली होती.

निवृत्त_फोरमन
तीन प्रश्न विचारले असते तर तीन चुका सापडल्या असत्या. मी दोनच विचारले होते, तिसरी आपण होऊन कबूल केली, याबद्दल अभिनंदन.

तो व्हिडिओ चार सिलिंडरच्या गाडीचा असणार. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला येतो. तीन सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांचे, म्हणजे ७२० अंशांचे, तीन भाग होतात आणि प्रत्येक भाग २४० अंशांचा असतो. १-३-२ या क्रमाने मोजल्यास आपण तिसऱ्याचा टॅपेट ६० अंश आधी सेट केला, जे चालून जाते, कारण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्याचा मात्र १२० अंश आधी सेट केला. त्या वेळी त्याचा इनलेट व्हॉल्व्ह नुकताच बंद होत असतो आणि रॉकर त्याला उचलणाऱ्या कॅमच्या उंचवट्याच्या उतारावरून पूर्ण मोकळा झालेला नसण्याची शक्यता असते. तेथे बरोबर वाटलेली फट व्हॉल्व्ह पूर्ण मिटल्यावर वाढते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक त्याची असावी.

पण थरथर त्या टिकटिकीची नाही. लॉक नट आवळताना खालचा स्क्रू पान्याबरोबर किंचित घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि फट कमी होते, म्हणून स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवायचा आणि आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून पाहायची असते. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटची फट जवळजवळ संपलेली असणार. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा मिटतो. तापल्यावर त्याचा दांडा लांबतो, फट उणे होते, व्हॉल्व्ह आपल्या सीटवर टेकत नाही आणि दाब निसटतो. वेगात फिरताना निसटायला वेळ कमी मिळतो म्हणून रेस दिल्यावर बरे वाटते, आणि नेमक्या याच कारणाने श्री. कात्रजकर यांच्यासारख्या अनुभवी माणसालाही ती व्हॅक्यूमची गळती वाटली.

गाडी आता चालवू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकून हेडला देत असतो. तो टेकलाच नाही तर काही दिवसांत त्याची कड जळते आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच आम्ही म्हणत असू की वाजणारा टॅपेट परवडला, गप्प टॅपेट नको.

शंकासुर
इतके सविस्तर उत्तर वाचून पेट्रोलचा आरोप मी तूर्त मागे घेतो. फक्त तूर्त.

तिसरा_गिअर
अंश मोजण्याची कटकट नको असेल तर एक सोपा मार्ग आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप उचलण्यापूर्वी तिन्ही वायरींच्या जागा खालच्या बॉडीवर खडूने खुणावून ठेवाव्यात. गाडी टॉप गिअरमध्ये घालून हळूहळू पुढे ढकलावी. रोटर ज्या खुणेसमोर येईल तो सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे असे समजून त्याचे दोन्ही टॅपेट सेट करावेत. प्लग काढलेले असले की गाडी एका माणसाला सहज ढकलता येते. आणि इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे, कारण मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनाच्या फटी वेगवेगळ्या दिलेल्या असतात.

अर्धवट_मेकॅनिक
आज पहाटे सहा वाजता टॅपेट कव्हर उघडले. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे माझ्या संचातील सर्वांत पातळ पट्टीही शिरली नाही. दुसऱ्याच्या इनलेटमध्ये उलट दोन पट्ट्या एकदम शिरल्या. खडूच्या खुणांप्रमाणे सहाही टॅपेट पुन्हा सेट केले आणि प्रत्येक नट आवळल्यावर पट्टी दोनदा घालून पाहिली. गाडी ढकलताना वॉचमनकाकांनी "बंद पडली का?" असे तीन वेळा विचारले, एवढाच काय तो त्रास.

तासभर फिरवून पुन्हा कॉम्प्रेशन मोजले तेव्हा तिसरा सिलिंडर १०.५ वर आला होता. टिकटिक गेली, आणि स्वारगेटच्या सिग्नलला आरशात मागचा पीएमपी बसचा चालक जांभई देताना स्पष्ट दिसला. तिसरा अजून इतरांपेक्षा थोडा मागे आहे, त्याची काळजी करावी का?

निवृत्त_फोरमन
एवढा फरक चालण्यासारखा आहे. आठवडाभर तो व्हॉल्व्ह अर्धवट मिटत होता, सीटवर काजळी बसली असेल. चालवल्यावर सुधारणा होईल. पाचशे किलोमीटरनंतर फट पुन्हा तपासावी. तेव्हा ती आपोआप कमी झालेली आढळली तर सीट झिजू लागली आहे असे समजून हेडच्या कामाची तयारी ठेवावी.

कात्रजकर
अभिनंदन. माझ्याही एका जुन्या गाडीचे टॅपेट दोन वर्षांत कोणी पाहिलेले नाहीत आणि ती हल्ली फारच शांत चालते, याचा मला आजवर अभिमान वाटत होता. फोरमनसाहेब, ते गेज या रविवारी मिळू शकेल का?

निवृत्त_फोरमन
गेज सध्या सहकारनगरला आहे, तेथून परस्पर घ्यावे. त्याच्या टोकाचा रबरी शंकू जुना आहे आणि तसा आता मिळत नाही, तेवढा मात्र मोजून परत करावा.